परक्यांविषयी लोकांना काय वाटतं, हे इतिहासात वाचायचं कसं?

स्थलांतरावर सिनॉप्सिस लिहिणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाच्या मसुद्यात एक वाक्य हमखास असतं : 'त्या काळी सर्वसामान्य जनतेचा स्थलांतरितांना तीव्र विरोध होता.' वाक्य साधं आहे, ऐकायला खरंही वाटतं. पण सल्लागार समितीत कुणीतरी शांतपणे विचारतं, "हे तुम्हाला कळलं कुठून?" आणि तिथे पंचाईत होते. कोणती जनता? विरोध कशाला, येणाऱ्या माणसाला की येणाऱ्यांच्या संख्येला? आणि तो विरोध कुणी, कधी, कोणत्या प्रश्नाने मोजला?

या लेखात अमेरिका, ब्रिटन आणि स्वित्झर्लंड या तीन देशांतली काही उदाहरणं घेऊन एवढंच बघू, की स्थलांतरितांविषयीचं लोकमत नावाची गोष्ट आपल्या हातात येते कशी, आणि हातात आल्यावर ती वाचायची कशी. तुमचा विषय वेगळा असला तरी हरकत नाही. पद्धत तीच लागते.

बोलणं एक, वागणं दुसरं

सुरुवात रिचर्ड लापियेर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञापासून करू. १९३० ते १९३२ या काळात त्याने एका तरुण चिनी जोडप्याबरोबर अमेरिकेत जवळजवळ दहा हजार मैल मोटारप्रवास केला. पार्श्वभूमी लक्षात घ्या. १८८२च्या कायद्याने चिनी मजुरांना अमेरिकेत यायला बंदी घातली होती आणि १९२४च्या कायद्याने आशियाई लोकांसाठी दार जवळपास बंदच करून टाकलं होतं. अशा देशात हे तिघं २५१ हॉटेलं, खाणावळी आणि मुक्कामाच्या जागांवर गेले. नकार मिळाला तो फक्त एका ठिकाणी.

सहा महिन्यांनी लापियेरने त्याच ठिकाणांना पत्रं पाठवली. प्रश्न असा, की चिनी वंशाच्या लोकांना तुम्ही पाहुणे म्हणून घ्याल का? १२८ ठिकाणांहून उत्तरं आली आणि त्यांतल्या नव्वद टक्क्यांहून जास्त उत्तरांत स्पष्ट 'नाही' होतं. ज्यांनी जेवू घातलं होतं, तेच कागदावर 'नाही' म्हणत होते. त्याने ज्या ठिकाणी पाऊल ठेवलं नव्हतं अशा काही ठिकाणांनाही हाच प्रश्न पाठवला. उत्तरं तशीच आली. म्हणजे आधीच्या भेटीमुळे मत बिघडलं, असंही म्हणता येत नाही. १९३४ साली त्याने हे प्रसिद्ध केलं आणि आजही वृत्ती आणि वर्तन यांच्या नात्यावरचा प्रत्येक अभ्यासक्रम इथून सुरू होतो.

या अभ्यासावर पुढे बरीच टीका झाली, आणि तुमच्या दृष्टीने ती टीका मूळ निष्कर्षाइतकीच कामाची आहे. काउंटरवर खोली देणारा आणि पत्राला उत्तर देणारा माणूस एकच होता कशावरून? निम्म्या ठिकाणांनी उत्तरच दिलं नाही, त्यांचं काय? शिवाय दारात उभं होतं ते नीटनेटक्या कपड्यांतलं, अस्खलित इंग्रजी बोलणारं, हसतमुख जोडपं, आणि सोबत एक गोरा प्राध्यापक. पत्रात मात्र होता 'चिनी वंश'. एक हाडामांसाची माणसं, दुसरा नुसता शब्द. दोन्हींना मिळालेली उत्तरं वेगळी असणारच.

आता याच्या अगदी उलटं चित्र बघा. १९६७ साली ब्रिटनमध्ये 'पोलिटिकल अँड इकॉनॉमिक प्लॅनिंग' या संस्थेने वंशभेदावर मोठी पाहणी केली. त्यात नुसते प्रश्न विचारले नाहीत. एकाच नोकरीसाठी किंवा भाड्याच्या एकाच खोलीसाठी तीन माणसं पाठवली : वेस्ट इंडीज किंवा भारतीय उपखंडातून आलेला, हंगेरीहून आलेला गोरा स्थलांतरित आणि एक इंग्रज. पहिल्याला 'जागा गेली' म्हणून सांगायचं आणि नंतर आलेल्या इंग्रजाला तीच जागा दाखवायची, असे प्रकार मोठ्या प्रमाणावर उघडकीस आले.

लापियेरच्या अमेरिकेत लोक बोलत होते त्यापेक्षा बरं वागत होते. इथे भेदभाव तोंडाने कुणी कबूल करत नव्हतं, पण दारात करत होतं. म्हणून 'लोक बोलतात वाईट, वागतात बरे' असा नियम लापियेरवरून काढायला जाऊ नका. त्याच्याकडून एवढंच घ्यायचं, की बोलणं आणि वागणं हे दोन वेगळे पुरावे आहेत. एकाची जागा दुसऱ्याने भरून काढता येत नाही.

आकडा कशाचा आहे?

आता जनमत चाचण्यांकडे वळू. अमेरिकेत जॉर्ज गॅलपने १९३५ साली आपली संस्था सुरू केली. त्यामुळे तिथल्या लोकमताचे आकडे तीसच्या दशकापासून मिळतात, आणि त्यांतले काही वाचताना आजही हात थबकतो.

नोव्हेंबर १९३८ मध्ये जर्मनीत ज्यूंची दुकानं, घरं आणि प्रार्थनास्थळं फोडली गेली, जाळली गेली. त्यानंतर काही आठवड्यांतच गॅलपने अमेरिकनांना विचारलं, नाझी ज्यूंना जे वागवतात ते तुम्हाला मान्य आहे का? ९४ टक्के म्हणाले, नाही. मग जर्मनीतून अधिक ज्यू निर्वासितांना इथे येऊन राहू द्यावं का? ७२ टक्के म्हणाले, नाही.

लोक तेच, आठवडे तेच. पहिला आकडा घेतलात तर अमेरिकन जनता ज्यूंच्या बाजूची ठरते, दुसरा घेतलात तर विरोधातली. पण नीट पाहिलं तर या दोन आकड्यांत विसंगती नाही. पहिला प्रश्न दूरच्या अत्याचाराबद्दलच्या नैतिक मताचा आहे, दुसरा स्वतःच्या दारातल्या प्रवेशाचा. दुसऱ्या प्रश्नातला 'अधिक' हा शब्दही बघा. त्या वेळी जर्मनी आणि ऑस्ट्रिया मिळून वर्षाचा कोटा २७,३७० होता. कोट्यातल्या लोकांना येऊ द्यावं का, असा प्रश्न इथे विचारलेलाच नव्हता. विचारलं होतं ते कोटा वाढवण्याबद्दल. त्यात महामंदीतली बेकारी अजून ओसरलेली नव्हती. कारणं ज्यूद्वेषाची होती, पोटापाण्याची होती, की 'परक्यांच्या भानगडी नकोत' अशी होती, हे ७२ या आकड्यातून वेगळं काढता येत नाही.

जानेवारी १९३९ मध्ये आणखी एक प्रश्न विचारला गेला : जर्मनीतली दहा हजार निर्वासित मुलं आणून अमेरिकन घरांत सांभाळावीत का? ६१ टक्के नाही म्हणाले, ३० टक्के हो. त्यानंतर महिन्याभरात वॅग्नर-रॉजर्स विधेयक मांडलं गेलं, दोन वर्षांत वीस हजार मुलांना कोट्याबाहेर प्रवेश देण्यासाठी. ते सभागृहात मतदानाला आलंच नाही. त्या मुलांपैकी किती वाचली असती याचा हिशेब आज कुणी करू शकत नाही. पण हे आकडे हाताळताना आपण नुसती टक्केवारी हाताळत नसतो, हे विसरून चालणार नाही.

इथे एक मोह होतो. 'लोकांचा विरोध होता, म्हणून सरकारचा नाइलाज झाला.' हे वाक्य लिहिण्याआधी १९७५ बघा. ३० एप्रिलला सायगाव पडलं. मे महिन्यात गॅलपने विचारलं, व्हिएतनामी निर्वासितांना अमेरिकेत वसवावं का? ३६ टक्के बाजूने, ५४ टक्के विरोधात. पुन्हा बहुमत विरोधातच आणि अर्थव्यवस्था पुन्हा मंदीत. तरीही राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी जाहीरपणे निर्वासितांची बाजू घेतली, काँग्रेसने २३ मे रोजी कायदा केला, आणि त्या वर्षात सुमारे १,३०,००० लोक वसवले गेले.

दोन्ही वेळा लोकमत विरोधात, निकाल मात्र वेगळे. मग फरक कशात होता? संसदेतल्या समित्यांत, परराष्ट्र धोरणात, हरलेल्या युद्धाच्या जबाबदारीत, नेत्यांनी किती किंमत मोजायची तयारी दाखवली त्यात. लोकमत हे अनेक कारणांपैकी एक कारण असतं. ते एकटंच पुरेसं होतं असा दावा करायचा असेल, तर जिथे लोकमत तसंच असून निकाल वेगळा लागला, अशी जागा आधी शोधा. बहुतेक वेळा ती सापडते.

आधी काय, नंतर काय

ब्रिटनमधलं सर्वांत प्रसिद्ध उदाहरण म्हणजे २० एप्रिल १९६८ रोजी बर्मिंगहॅममध्ये इनॉक पॉवेल या हुजूर पक्षाच्या खासदाराने केलेलं भाषण. वसाहतींतून येणाऱ्या लोकांविरुद्धचं हे भाषण इतकं जहाल होतं, की दुसऱ्याच दिवशी पक्षनेते एडवर्ड हीथ यांनी त्याला शॅडो कॅबिनेटमधून काढून टाकलं. त्यानंतर लंडनचे गोदी कामगार त्याच्या समर्थनार्थ रस्त्यावर उतरले, एक लाखाहून जास्त पत्रं त्याला आली, आणि गॅलपच्या चाचणीत ७४ टक्के लोकांनी त्याच्याशी सहमती दाखवली. हीथ यांनी त्याला काढायला नको होतं, असं ६९ टक्के म्हणाले.

यावरून 'पॉवेलच्या भाषणाने ब्रिटिश लोकमत फिरलं आणि कायदे कडक झाले' असं कथानक सहज रचता येतं. पण तारखा बघा. राष्ट्रकुलातून येणाऱ्यांवर पहिलं मोठं बंधन १९६२ सालचं. केनियातून येणाऱ्या, ब्रिटिश पासपोर्ट असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना अडवणारा कायदा संसदेत तीन दिवसांत पार पडला, तो मार्च १९६८च्या सुरुवातीला. म्हणजे भाषणाआधी. तोही मजूर पक्षाच्या सरकारने केलेला. उलट भाषणानंतर, त्याच वर्षाच्या शरद ऋतूत, नोकरी आणि घर देताना वंशावरून भेदभाव करायला बंदी घालणारा कायदा संसदेने संमत केला. पॉवेलचा विरोध याच विधेयकाला होता. १९७१चा आणखी कडक कायदा भाषणानंतरचा, हे खरं. पण त्याची दिशा १९६२ पासूनच ठरत आली होती.

चार वर्षांनी युगांडातून इदी अमीनने आशियाई लोकांना नव्वद दिवसांची मुदत देऊन हाकललं. त्यांत गुजराती, पंजाबी होते, तशी गोव्याहून गेलेली कुटुंबंही होती. लेस्टर शहराच्या कौन्सिलने 'युगांडा आर्गस' या वृत्तपत्रात जाहिरात दिली, की आमच्या शहरात जागा नाही, इकडे येऊ नका. लोक आले ते आलेच, आणि आज तेच शहर आपल्या दक्षिण आशियाई वस्तीची ओळख मिरवतं. ब्रिटनने तेव्हा सुमारे २८,००० लोकांना घेतलं, ते पॉवेलला पसंती देणारं ७४ टक्के लोकमत ताजं असतानाच. तेव्हा भाषण, चाचणी, कायदा आणि प्रत्यक्ष प्रवेश अशी चार स्वतंत्र खाती काढा, प्रत्येकासमोर तारीख लिहा, आणि मगच 'म्हणून' हा शब्द वापरा.

मतपेटीतून दिसणारं आणि न दिसणारं

चाचणीत हजार-दोन हजार लोकांना विचारतात. स्वित्झर्लंडमध्ये सार्वमतामुळे अख्ख्या मतदारवर्गाला विचारलं जातं. ७ जून १९७० रोजी जेम्स श्वार्झनबाख या खासदाराच्या प्रस्तावावर मतदान झालं. जिनिव्हा वगळता कोणत्याही कँटनमध्ये परदेशी लोकांचं प्रमाण दहा टक्क्यांच्या वर जाऊ नये, असा तो प्रस्ताव होता. तो मंजूर झाला असता तर मुख्यतः इटालियन कामगार असलेल्या लाखो लोकांना देश सोडावा लागला असता. सुमारे ७५ टक्के मतदान झालं. ४६ टक्के बाजूने, ५४ टक्के विरोधात. प्रस्ताव पडला.

'४६ टक्के स्विस लोक परदेशी लोकांच्या विरोधात होते', असं लिहावं का? थांबा. स्विस स्त्रियांना संघीय पातळीवर मताधिकार मिळाला १९७१ साली. म्हणजे हे ४६ टक्के मतदान केलेल्या पुरुषांपैकी आहेत. आणि ज्यांचं भवितव्य ठरत होतं, त्या कामगारांना तर मतच नव्हतं. अख्ख्या मतदारवर्गाला विचारलं तरी 'जनता' पूर्ण होत नाही, ती अशी.

९ फेब्रुवारी २०१४ रोजी स्थलांतरावर कोटा आणण्याचा प्रस्ताव ५०.३ टक्क्यांनी, अगदी काठावर मंजूर झाला. निकालाचा नकाशा पाहिला तर झुरिक, जिनिव्हा, बाझल अशा परदेशी लोकांची दाट वस्ती असलेल्या शहरांनी विरोधात मत दिलं आणि ग्रामीण भागांनी बाजूने. यावरून लगेच सांगितलं जातं, की शेजारी परदेशी माणूस राहायला आला की भीती कमी होते. सहवासाने पूर्वग्रह कमी होतो, हा गॉर्डन ऑलपोर्टचा १९५४ पासूनचा सिद्धांत आहे, तेव्हा कल्पना काही अगदीच वाऱ्यावरची नाही. पण इटलीच्या सीमेवरच्या टिचिनो कँटनमध्ये, जिथे रोज हजारो इटालियन कामगार ये-जा करतात, तब्बल ६८ टक्के लोकांनी प्रस्तावाला पाठिंबा दिला. तिथे सहवास आहे, आणि पगार व गर्दी यांची तक्रारही आहे.

दुसरी अडचण जास्त खोल आहे. शहराचा निकाल हा व्यक्तीचा निकाल नसतो. १९५० साली विल्यम रॉबिन्सन याने अमेरिकेच्या १९३० च्या जनगणनेवरून हे दाखवलं, आणि त्याचं उदाहरणही स्थलांतरितांचंच होतं. ज्या राज्यांत परदेशात जन्मलेले लोक जास्त, तिथे निरक्षरता कमी. सहसंबंध उणे ०.५३. पण व्यक्तीनुसार पाहिलं तर परदेशात जन्मलेल्यांत निरक्षरता थोडी जास्त. सहसंबंध अधिक ०.१२. चिन्हच बदललं! कारण सोपं आहे. स्थलांतरित अशा राज्यांत जाऊन राहत होते, जिथले स्थानिक लोक आधीच जास्त शिकलेले होते. शहरांच्या नकाशावरून माणसाच्या मनाबद्दल बोलताना हे उणे-अधिक समोर ठेवा.

एकच प्रश्न, साठ वर्षं

गॅलपने १९६५ पासून एक प्रश्न जवळपास त्याच शब्दांत विचारला आहे : स्थलांतर आहे तेवढंच ठेवावं, वाढवावं की कमी करावं? १९६५ मध्ये 'वाढवावं' म्हणणारे होते फक्त ७ टक्के. गंमत बघा, त्याच वर्षी राष्ट्रवार कोटे मोडीत काढणारा कायदा झाला, ज्याच्यामुळे पुढे भारतातून डॉक्टर-इंजिनिअर जाऊ लागले. अमेरिकेतली मराठी मंडळं या कायद्यानंतरच उभी राहिली. 'कमी करावं' म्हणणारे १९६५ मध्ये ३३ टक्के होते, १९९५ मध्ये ६५ टक्के. २०२० मध्ये 'वाढवावं' (३४) हे पहिल्यांदाच 'कमी करावं'च्या (२८) पुढे गेलं. २०२४ मध्ये 'कमी करावं' पुन्हा ५५ वर, आणि २०२५ मध्ये परत ३० वर.

शेवटच्या पाच वर्षांतले हे हेलकावे काय सांगतात? एका वर्षात कोट्यवधी माणसांचा स्वभाव बदलत नाही. बदललं ते प्रश्नातल्या 'आहे तेवढं' या शब्दांचं संदर्भमूल्य. सीमेवर गर्दी दिसली की लोक 'कमी' म्हणतात, धरपकड दिसली की सरकतात. म्हणजे मत बऱ्याचदा परिस्थितीच्या तुलनेत असतं, थर्मोस्टॅटसारखं.

त्यात 'आहे तेवढं' म्हणजे किती, हेच बहुतेकांना ठाऊक नसतं. २०१३ च्या एका ब्रिटिश पाहणीत लोकांचा सरासरी अंदाज ३१ टक्के होता, प्रत्यक्षात स्थलांतरित होते सुमारे १३ टक्के. आल्बेर्तो आलेसिना आणि त्याच्या सहकाऱ्यांना अमेरिका आणि युरोपातल्या एकूण सहा देशांत हेच आढळलं. शिवाय असंही, की गरिबांना मदत करणाऱ्या योजनांबद्दल विचारण्याआधी नुसता स्थलांतरितांचा विषय काढला, तरी योजनांना असलेला पाठिंबा घटतो. प्रश्नांचा क्रमसुद्धा उत्तर घडवतो.

लोक नोकरी जाईल म्हणून घाबरतात का? हाइनम्युलर आणि हिस्कॉक्स यांच्या २०१० च्या अभ्यासात अर्ध्या लोकांना कुशल स्थलांतरितांबद्दल विचारलं, अर्ध्यांना अकुशल. स्वतःच्या नोकरीची स्पर्धा हेच कारण असतं, तर शिकलेल्यांनी कुशलांना विरोध करायला हवा होता. प्रत्यक्षात शिकलेले आणि कमी शिकलेले, दोघांनीही कुशलांनाच पसंती दिली. हे एका देशातलं आहे, पण 'पोटावर पाय येतो म्हणून विरोध' हे वाक्य पुराव्याशिवाय लिहू नये, एवढं त्यातून नक्की कळतं.

आता तुमच्या विषयाकडे

समजा तुम्ही साठच्या दशकातल्या मुंबईवर काम करणार आहात. तिथे स्थलांतर देशांतर्गत होतं, तरी प्रश्न हेच येतात. 'मार्मिक'मध्ये छापल्या गेलेल्या दाक्षिणात्य अधिकाऱ्यांच्या याद्या हा मोलाचा पुरावा आहे. पण तो संपादकाने काय मांडलं याचा पुरावा आहे, गिरणगावातल्या चाळीत काय बोललं जात होतं याचा थेट पुरावा नाही. त्यासाठी निवडणुकांचे निकाल, वाचकांची पत्रं, मुलाखती, मायरन वायनर यांच्या १९७८ च्या 'सन्स ऑफ द सॉइल'सारखे अभ्यास, असं सगळं शेजारी मांडावं लागतं. जिथे ते एकमेकांशी जुळत नाही, तिथेच तुमच्या प्रबंधाचं प्रकरण दडलेलं असतं.

कोणताही पुरावा हातात आला की वहीच्या समासात पाच गोष्टी लिहा : कुणाला विचारलं, कोण वगळलं गेलं, नेमके शब्द काय होते, आधीच्या महिन्यात काय घडलं होतं, आणि हे बोलणं आहे की वागणं. मग सुरुवातीच्या त्या वाक्याकडे परत या. 'जनतेचा तीव्र विरोध होता' याऐवजी तुम्ही कदाचित असं लिहाल : 'जानेवारी १९३९ मध्ये विचारलेल्यांपैकी ६१ टक्के लोकांनी दहा हजार मुलांना आणण्यास नकार दिला, ३० टक्क्यांनी होकार दिला.' वाक्य लांबलं, पण आता त्यात ते ३० टक्के लोकही आले. पहिल्या वाक्याने त्यांना इतिहासातून पुसून टाकलं होतं.